यंत्र कोठें अडलें?



पाणचक्की पाहावयास येणारा पाहुणा हौदांत पडणारें पाणी पाहतो, थोडा वेळ वडाच्या सावलींत बसतो व निघून जातो. तें पाणी दूरच्या उगमापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतें, याचा त्यास पत्ताहि नसतो. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें या शहरास अशाच नळांनीं पाणी पुरविलें; पाणचक्कीची नहर मागाहूनची. अंबराच्या नहरीच्या वाटेवर जागोजागीं बंबे उभे आहेत. अशा रचनेंत हौद कोरडा पडला तर हौदच खणून काय उपयोग? बंब्यामागून बंबा पाहत जावें. शेवटचा ओला आणि पहिला कोरडा यांच्या मध्यें दोष असावयाचा.

औरंगाबादेस, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपति संभाजीनगरास, हा धडा घरचाच. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखांतील पुष्कळ तरुणांना तो एका निराळ्याच यंत्रावर नव्यानें गिरवावा लागला. हेलसिंकी येथील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ च्या ऑगस्टांत आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली. तिचें नांव पुढें लिनक्स पडलें. भारतांत ती १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबरच्या सीडीवरून ठिकठिकाणीं पोहोंचली. या कामाचे पुढारी अतुल चिटणीस (१९६२–२०१३) हे बेळगांवांत वाढलेले व बंगळूरास स्थायिक झालेले गृहस्थ होते.

सीडी हातीं येणें सोपें होतें. अडचण तिच्यापुढें होती. मध्यमवर्गीय घरांत संगणक असलाच तर एकच, तोहि वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचा. त्याच हार्ड डिस्कवर बहिणीचा प्रकल्प व घरचे हिशेब. डिस्कचे भाग पाडतांना एक उत्तर चुकलें तर तें सारें पुसलें जाई. मॉनिटरच्या कंपनांचे आंकडे पुस्तिकेंतून पाहून स्वतः लिहावे लागत, आणि ते भलतेच पडल्यास जुना मॉनिटर कायमचा बिघडण्याचीहि धास्ती होती. तेव्हां मुलगा रात्रीं यंत्राशीं बसला कीं घरांतील वडील मंडळींना झोंप लागत नसे, यांत त्यांचा दोष नव्हता.

या यंत्राचा पहिला बंबा म्हणजे ‘लिलो’ नांवाचा छोटा आज्ञासंच. यंत्र सुरू होतांच तो आपलें नांव इंग्रजी अक्षरांत उमटवी: एल, आय, एल, ओ. हीं चार अक्षरें शोभेचीं नव्हत. प्रत्येक अक्षर एकेक टप्पा पार पडल्याची खूण होती. केवळ ‘एल’ उमटून पुढें अंक येऊं लागले, तर पहिला भाग जागा झाला, पण दुसऱ्यास डिस्कवरून उचलूं शकला नाहीं. ‘एल’ व ‘आय’ इतकेंच दिसलें, तर दुसरा भाग हातीं आला परंतु चालला नाहीं. तीन अक्षरें आलीं, तर अडचण पुढच्या नकाशांत. पडद्यावर दोन अक्षरें पाहून घाबरलेला माणूस सगळें पुन्हां बसवावयास निघे, आणि बहुधा त्याच दोन अक्षरांपाशीं पुन्हां येऊन थांबे.

कारण समजण्याजोगें आहे. लिलोस फाइलचें नांव कळत नसे. ती डिस्कच्या कोणत्या जागीं आहे तेवढेंच त्यानें टिपून ठेविलेलें असे. गांवच्या माणसास ओळखावें, पण त्याचा फक्त गट-नंबर लक्षांत ठेवावा, तसा हा प्रकार. फाइल नवी केली, जुनीच्या ठिकाणीं ठेविली आणि लिलोची आज्ञा पुन्हां चालविली नाहीं, तर तो जुन्याच जागेवर जाऊन हांक मारी. जपून ठेविलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून ती एक आज्ञा दिली कीं काम भागे. दुसरें कारण असें कीं, जुन्या बायॉसला डिस्कच्या पहिल्या १०२४ वलयांपलीकडचें वाचतां येत नसे. ही मर्यादा फार तर सुमारें ८ गिगाबाइटपर्यंत पोहोंचे. म्हणून जाणते लोक डिस्कच्या आरंभींच एक लहानसा भाग राखून ठेवीत.

दुसरी गोष्ट याहून फसवी. नवा कर्नल बांधतांना मध्येंच ‘सिग्नल ११’ असा संदेश येऊन काम तुटे. नवशिका सीडीला शिव्या देई. परीक्षा सोपी होती: तेंच काम पुन्हां करावें. प्रत्येक वेळीं एकाच ओळीवर तुटलें तर चूक लिखाणांत. दर वेळीं निराळ्या ठिकाणीं तुटलें तर संशय स्मृतीच्या पट्टीवर किंवा तापलेल्या यंत्रावर. मराठवाड्याच्या वैशाखांत, धुळीनें पंखा भरलेला असतां, हा दुसरा निकाल अवघड नव्हता. पट्टी काढून, पुसून, घट्ट बसवून व पेटीचें झांकण उघडें ठेवून किती यंत्रें वांचलीं असतील!

मोडेमची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी. स्वस्त मोडेमांत अर्धें काम यंत्रावर आणि अर्धें विंडोजच्या ड्रायव्हरवर सोंपविलेलें असे. लिनक्सपाशीं तो ड्रायव्हर नसला कीं तें कार्ड मुकें. येथें दुरुस्ती हा शब्दच लागू नव्हता. विकत घेण्यापूर्वीं चौकशी करावी एवढेंच. वीज गेल्यावर डिस्कची लांबलचक तपासणी सुरू होई व वेळप्रसंगीं प्रश्न विचारून थांबे. २००१ नंतर नोंदवही ठेवणारी एक्स्टी-३ ही फाइल-पद्धति आल्यावर तो त्रास पुष्कळच सुसह्य झाला. ज्या मुलखानें पुढें तासन् तास लोड शेडिंग सोसलें, त्यास हें वेळेवरच मिळालें म्हणावयाचें.

एवढें सगळें सुरळीत झालें तरी मराठी माणसाचें यंत्र अद्यापि पुरतें चालूं झालेलें नसे. ‘दिवस’ लिहावें आणि पडद्यावर ‘दविस’ वाचावें, ही स्थिति. युनिकोडांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते. ती डावीकडे आणून बसविणें हें अक्षरें जुळविणाऱ्या आज्ञासंचाचें काम. तो अपुरा असला कीं वेलांटी पुढच्या अक्षरास जाऊन चिकटे. ‘इंडलिनक्स’सारख्या प्रकल्पांनीं, ग्नोमच्या पँगो या साधनानें आणि २००४ मध्यें खुल्या झालेल्या लोहित फाँटांनीं ही गोष्ट मार्गीं लावली. मात्र मराठीचें एक दुखणें हिंदीस ठाऊकच नव्हतें. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. रफार आणि अर्धा ऱ यांत यंत्रानें घोटाळा केला तर ‘वऱ्हाड’ आणि ‘कुऱ्हाड’ दोन्ही बिघडतात. हिंदीपुरतें पाहणाऱ्यास त्यांत कांहीं चुकलें आहे असें वाटण्याचेंहि कारण नाहीं; म्हणून अशी तक्रार मराठी वाचणाऱ्यानेंच नोंदवावी लागते.

तपासण्याची रीत तीच, बंब्यामागून बंब्याची. ‘तऱ्हा’ लिहितांना तनंतर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह व काना अशा क्रमानें कळा दाबाव्या. पडद्यावर रफार उमटला तर फाँट बदलून पाहावा. तरीहि तो राहिला तर फाइलींतील अंक उघडून पाहावे. बहुधा ०९३१ च्या जागीं ०९३० पडलेला आढळेल.