नवी कातडी आणि मधले तीन आठवडे

(निरवांगी, ता. इंदापूर येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, "ताई, आता म्हणे प्रयोगशाळेत माणसाची कातडी वाढवतात. मग भाजलेल्या बाईला ती का लावत नाहीत?" आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

आपली कातडी रोज झिजते आणि रोज नवी होते. तिच्या वरच्या थराच्या तळाशी काही पेशी असतात, त्यांच्यापासून ही नवी कातडी बनत राहते. त्यांना स्टेम सेल म्हणतात, मराठीत मूळपेशी. विरजणासारखं समजा. दही संपलं तरी चमचाभर विरजण उरलं की पुन्हा भांडंभर दही लागतं. वरवर भाजलं तर विरजण शिल्लक असतं, जखम आपली आपण भरते. खोल भाजलं की विरजणच जळून जातं.

अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ साली या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची रीत शोधली. १९८३ मध्ये जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांवर बोस्टनमध्ये ती वापरली. उरलेल्या चांगल्या कातडीचे छोटे तुकडे घेऊन त्यांतून नवी कातडी वाढवली आणि लावली. मुलं जगली. २०१५ मध्ये जर्मनीत सीरियाच्या एका सात वर्षांच्या मुलाची जवळजवळ ८० टक्के कातडी अशीच नवी केली. त्याला जन्मजात आजार होता, म्हणून पेशींमधला दोषही आधी दुरुस्त केला. तेव्हा हे थोतांड नाही.

पण ही कातडी वाढायला तीन-चार आठवडे लागतात. खर्च अफाट. आणि वाढतो तो फक्त वरचा पातळ थर. त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत.

मधले तीन आठवडे कसे काढायचे? कातडी गेली की अंगातलं पाणी झिरपून जातं, जंतू आत शिरतात. निम्म्याहून जास्त भाजलेल्या बाईच्या अंगावर दुसरीकडून काढून लावण्याइतकी कातडीही उरत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती मेलेल्या माणसाने दिलेली कातडी. ती कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती टाकून देतं, पण तेवढे दिवस जखम झाकते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली त्वचापेढी सुरू केली. आता पुण्यातही त्वचापेढी आहे.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ यांवरून कागदासारखा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं टिकते. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, त्यात आपल्याकडे माणूस गेलं की आधी पाहुण्यांना फोन जातात. सहा तास असेच निघून जातात. म्हणून हे बोलणं घरात आधीच झालेलं हवं.

आता भाजतं कोण ते पाहू. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजाप्रमाणे भारतात २००१ या एका वर्षात आगीने १ लाख ६३ हजारांवर माणसं मेली. त्यांत १ लाख ६ हजार बाया, बहुतेक १५ ते ३४ वर्षांच्या. पोलिसांच्या नोंदींच्या हा आकडा सहापट! स्टोव्ह गेले, गॅस आले. "स्टोव्हचा भडका उडाला" याऐवजी जबाबात "गॅसचा भडका उडाला" एवढाच फरक पडला. उशाशी सासू उभी, पोरं घरी त्यांच्याच ताब्यात, अशा वेळी ती दुसरं काय सांगणार? ती तीन आठवडे जगली, माहेरची माणसं जवळ आली, तर पुढे कोर्टात स्वतःच्या तोंडाने बोलू शकते. म्हणून मला त्या उसन्या कातडीचं महत्त्व प्रयोगशाळेतल्या कातडीइतकंच वाटतं.

दुसरं, 'स्टेम सेल'च्या नावाने बाजार भरला आहे. चेहरा उजळायची क्रीम, भाजल्याचे व्रण घालवायची इंजेक्शनं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतला मूळपेशींचा उपचार सोडला, तर बाकीचे सारे वापर प्रयोगाच्याच पातळीवर आहेत. प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यासाठी कुणी जमीन गहाण टाकायला निघालं तर अडवा.

शेवटचा मुद्दा निवेदनाचा. ॲसिड हल्ला झालेल्या बाईवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने लगेच मोफत उपचार करायचे, असा कायदा २०१३ मध्ये झाला. आज तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. त्यात रॉकेल ओतून पेटवलेली बाई नाही. तिचंही अंग तेवढंच जळतं. या कलमात तिलाही घ्या, ही मागणी आपण तहसीलदारांमार्फत पाठवणार आहोत. मसुदा वाचून दाखवते, त्यात काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा.