दोन नगरांमधील अंतर

पूर्वीचा वाटसरू गावाचे अंतर कोसांत सांगे. पण वाटेत घाट असला, तर किती प्रहर लागतील हेही त्याला सांगावे लागे. विमान आले आणि घाट खाली राहिला. आता कोस आणि प्रहर यांचा हिशेब सरळ झाला असेल, असे वाटणे साहजिक आहे. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन नगरांचे उदाहरण मात्र ही समजूत टिकू देत नाही.

सपाट नकाशावर दिल्लीहून पूर्वेकडे पॅसिफिक महासागर ओलांडणारी सरळ रेघ सर्वांत आखूड भासते. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन नगरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो तिबेट आणि सैबेरिया यांवरून उत्तर ध्रुवाकडील समुद्रात शिरतो व तेथून अमेरिकेत उतरतो. हा मार्ग पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे १११ अंशांचा कोन करतो. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरले, म्हणजे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने त्याला पावणेचौदा तास पुरावेत.

हे गणित निर्दोष असले, तरी आकाश रिकामे नसते. उड्डाणात विमानातील हवेचा दाब घटला, तर विमानाला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. म्हणून वाट वळवावी लागते.

एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. २०१६ च्या ऑक्टोबरात विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढून १५,३०० झाले. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी संपला.

याचे कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. विमानाचा स्वतःचा वेग हवेच्या संदर्भात असतो. हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीवरचे अंतर अधिक लवकर कापले जाते. पश्चिमेकडे जाताना हेच वारे आडवे येतात. वाचलेला वेळ म्हणजे वाचलेले इंधन, आणि इतक्या लांबच्या उड्डाणात इंधनाचे ओझे हलके झाले, तर तितके अधिक उतारू व सामान नेता येते.

घड्याळाचा साक्षीपुरावा तर याहून निराळा. हिवाळ्यात या दोन नगरांच्या वेळांत साडेतेरा तासांचा फरक असतो. पहाटे चारला दिल्ली सोडणारे विमान साडेचौदा तासांनी उतरते, तेव्हा तेथे त्याच तारखेचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली गेलेली असते.

नकाशा, वारा आणि घड्याळ अशी तीन उत्तरे देतात, आणि प्रवाशाला तिन्हींची गरज असते. अरबस्तानाकडे निघणारी पश्चिम किनाऱ्यावरची गलबते ईशान्येचा मोसमी वारा सुटण्याची वाट पाहत बंदरात थांबत. वाऱ्याचे हे ऋण विमानानेही अद्याप फेडलेले नाही.