कंबरेला हात लावू देण्याआधी

आज कंबरदुखीबद्दल बोलायचं आहे. आधी आमच्या गटातल्या एका ताईंची हकीकत सांगतो.

मागच्या पावसाळ्यात भांगलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली. मग आपण सगळ्याच करतो ते झालं. पायाळू माणसाचा पाय लावून घेतला, तेल चोळलं, विटेचा शेक दिला. आठ दिवसांनीही बरं वाटेना, तेव्हा बाजारच्या गावी एकाकडे गेल्या. त्याने काही विचारलं नाही. पालथं झोपवलं आणि कंबरेत जोरात झटका दिला. कट् असा आवाज झाला. "मणका बसला," म्हणाला आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी ताईंच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. चप्पल निसटली तरी कळेना. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, फिजिओथेरपी सुरू झाली, तेव्हा कुठे तीन महिन्यांनी पाय सुधारला.

त्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्यासोबत होतो. त्या माणसाला आम्हीही काही विचारलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

हाताने करायचे उपचार वाईट नसतात. शहरात गेलेल्या लेकी-सुनांकडून हल्ली ऑस्टिओपॅथी हा शब्द कानावर येतो. अमेरिकेत १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. यात हाताने स्नायू दाबतात, ताणतात, सांधे हळूहळू हलवतात, कधी छोटा झटकाही देतात. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात. इतर बऱ्याच देशांत तसं नसतं. म्हणून पाटीवरचा शब्द वाचून भागत नाही, समोरचा माणूस काय शिकला आहे ते विचारावं लागतं. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी बारावीनंतर चार वर्षांहून जास्त शिकावं लागतं. "तुमचं शिक्षण काय?" हे विचारणं म्हणजे अपमान नव्हे. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल बघतोच की!

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं? आधी बोलणं. दुखणं कधी सुरू झालं, कळ पायात उतरते का, रात्री झोप मोडते का, हे त्यांनी विचारायला हवं. मग उभं करून, वाकवून, पाय उचलायला लावून तपासायला हवं. हात त्यानंतर. न विचारता थेट हात घालणाऱ्याकडून उठून यावं.

आपणही काही लपवू नये. दिवस गेले असतील, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, पूर्वी पडलो असू, ऑपरेशन झालं असेल, कधी कॅन्सर किंवा टीबी झाला असेल, तर आधीच सांगावं. मणक्यालाही टीबी होतो आणि तो झटक्याने नाही, औषधाने बरा होतो. मानेच्या बाबतीत जास्त जपावं. मानेला दिलेल्या जोराच्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. ती फार थोडी आहेत, पण "मानेला झटका नको" असं म्हणायचा हक्क आपला आहे.

सैल कपडे घालून जावं. सोबत बाई न्यावी आणि तिला आत बसू द्यायला सांगावं. दुखलं तर "थांबा" म्हणावं. किती वेळा यावं लागेल आणि किती खर्च येईल, हेही पहिल्याच दिवशी विचारावं.

तो कट् आवाज म्हणजे मणका जागेवर बसला असं नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणजे उपचार फसला असंही नाही. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. जुन्या कंबरदुखीत अशा उपचारांनी आराम पडतो, पण तो साधारण व्यायामाने पडतो तेवढाच. म्हणून घरी करायचा व्यायाम शिकवणारा माणूस चांगला समजावा. साखर, थायरॉईड, मूल न होणं, सगळं हाताने बरं करतो म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहावं.

आता नीट ऐका. कंबर दुखते आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पाऊल उचलेना, तर चोळणं नाही, शेकणं नाही. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. तिथे तास मोजले जातात. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, किंवा वयस्कर बाई पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तरी आधी डॉक्टर.

आपण दुखणं अंगावर काढतो. भांगलण संपू दे, दिवाळी होऊ दे, म्हणत पुढे ढकलतो. आणि शेवटी गेलो की समोरचा म्हणेल ते मुकाट करून घेतो. आमच्या गटाने आता चार प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत: तुमचं शिक्षण काय? मला काय झालं आहे? तुम्ही काय करणार आहात? नाही केलं तर दुसरा उपाय कोणता? कुणी दवाखान्यात निघाली की वही सोबत जाते.

त्या ताई परवा पुन्हा भांगलायला आल्या होत्या. मध्येमध्ये उठून पाठ सरळ करत होत्या. त्यांचं बघून आम्हीही करू लागलो.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न मोठ्याने वाचा.