पलटणीतून परतल्यावर नोकरीचे काय?

(पुण्यातील बैठकीत केलेले भाषण)



कोरडवाहू ज्वारी-कपाशीवर घर भागत नाही, म्हणून घरचा एक पोरगा चाकण-भोसरीच्या कारखान्यात असतो. त्यातलाच एखादा टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे प्रादेशिक सेनेत नाव घालतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची 101 वी प्रादेशिक पलटण इथे पुण्यातच आहे. एरवी आपली नोकरी करायची, बोलावणे आले की बंदूक उचलायची. बोलावणे येतेही. मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना तसे अधिकार दिले. 32 पैकी 14 पायदळ पलटणी सेवेत घ्यायचे ठरले.

मग मागे राहिलेल्या नोकरीचे काय? शेतीशास्त्र शिकलेल्या आम्हाला आता कायद्याची पुस्तके चाळावी लागतात. 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याचे कलम 7-अ सांगते की, लष्करी सेवा संपली की मालकाने त्याला कामावर परत घ्यायचे. तेही कसे? नोकरीत खंड पडलाच नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या, त्याहून कमी अटींवर नाही. मालक नाही म्हणाला तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो मालकाला सूट देईल, कामावर घ्यायला लावील, नाहीतर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देववील. हुकूम मोडला तर दंड हजार रुपयांपर्यंत! 2025 साली बीटी कपाशीच्या बियाण्याचे एक पाकीट 901 रुपयांना होते. त्या दंडाला कोणता कारखानदार भिणार?

खरी मेख पुढेच आहे. हा कायदा मालकाला धरतो. आपली पोरे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, काही महिन्यांच्या बोलीवर. पोरगा सीमेवर असताना मुदत संपली, कंत्राटदार बदलला, तर परत घ्या म्हणून सांगायचे कोणाला? कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मूळ कारखानदारालाच जबाबदार धरा, अशी आमची मागणी आहे.

तोवर नाव घालण्याआधी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि फंडाचा नंबर घरी ठेवा. बोलावण्याच्या हुकमाची प्रत मालकाला द्या, पोच घ्या. मालकाने तोंडी 'ये परत' म्हटले, त्यावर विसंबू नका.

अग्निवीर म्हणून जाणाऱ्याला मात्र हे कलम लागू नाही. चार वर्षांनी शंभरातले फार तर 25 कायम होणार; बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपये सेवानिधी, पेन्शन नाही. हातची नोकरी सोडून जाणाऱ्या पोराला हा हिशेब भरतीच्या आधीच सांगा.