शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि गटाची वही



मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेऊन शिकले. या वर्षी आम्हाला एक प्रकल्प पुरा करावा लागतो. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर वाचायचं, उत्तर सिद्ध करायचं, अहवाल लिहायचा आणि परीक्षकांसमोर तोंडी उत्तरं द्यायची.

मी आधी पुस्तकातला एक अवघड विषय घेतला. दोन महिने नुसतं उतरवून काढलं. मॅडमनी विचारलं, "यात तुझा प्रश्न कोणता?" मला सांगता येईना. प्रकल्प राहिला असता तर पदवी अडकली असती. घरी येऊन रडले.

आई गटाची वही लिहीत होती. ती म्हणाली, "गटातून 12,000 घेतले, वर्षाचं व्याज 1,560 झालं. शिलाई मशीनसाठी कंपनीकडून तेवढेच घेतले, दर तोच, महिना 2 टक्के. तरी 2,880 भरले. असं कसं गं?"

तोच माझा प्रश्न झाला.

गटात दर महिन्याला 1,000 रुपये मुद्दल फिटतं आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागतं. आधी 12 हजारांवर, मग 11 हजारांवर, असं 1 हजारापर्यंत. यांची बेरीज सोपी आहे. 12 आणि 1 मिळून 13, 11 आणि 2 मिळून 13. अशा सहा जोड्या, म्हणजे 78 हजार. त्याचे 2 टक्के 1,560. कंपनी मात्र मुद्दल फिटत गेलं तरी बाराही महिने पूर्ण 12 हजारांवर व्याज धरते. महिना 240, बारा महिन्यांचे 2,880. याला फ्लॅट दर म्हणतात.

पण एक उदाहरण म्हणजे प्रकल्प नव्हे. हप्ते कितीही असले तरी चालेल असं सूत्र हवं होतं. मी ते मांडलं, तर उत्तर वहीपेक्षा 240 रुपयांनी कमी. तीन दिवस डोकं खपवलं. शेवटी कळलं, पहिल्या महिन्याचं व्याज मी धरलंच नव्हतं. चौथी शिकलेल्या आईची वही बरोबर होती, माझं सूत्र चुकलं होतं.

दुरुस्त केल्यावर निष्कर्ष निघाला: हप्ते वाढतात तसं फ्लॅट दराचं व्याज गटाच्या व्याजाच्या दुपटीकडे जातं, पण पूर्ण दुप्पट होत नाही. परीक्षकांनी विचारलं, "का होत नाही?" मी सांगितलं, सरासरी शिल्लक मुद्दल अर्ध्याहून थोडं जास्तच राहतं. 12 हजारांचं साडेसहा हजार, सहा नव्हे. हे मी स्वतः चुकून शिकले होते, म्हणून उत्तर देताना अडखळले नाही.

मैत्रिणींनो, कर्ज घेताना "दर किती?" एवढंच विचारू नका. "व्याज कशावर? पूर्ण मुद्दलावर की शिलकेवर?" हेही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, छोटी कर्जं देणाऱ्या बँका आणि कंपन्यांनी सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते माहितीपत्रकात लिहून द्यायचं असतं. कर्जाच्या कार्डावरच्या नोंदीही आपल्याला समजणाऱ्या भाषेत हव्यात. ते मागून घ्या.

आणि तुमची लेक शेवटच्या वर्षाला असेल, प्रकल्पापाशी अडली असेल, तर गणित आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसू नका. तुमची वही तिच्यापुढे ठेवा आणि तुम्हाला पडलेला प्रश्न तिला विचारा.