रक्तांतील साखरेची वीज



आमच्या तिसगांवाकडे बाजरीची भाकरी हें रोजचें अन्न. तिचा एक घास न गिळतां सावकाश चावीत राहा. थोड्या वेळानें तो गोड लागूं लागतो. लाळेंतील एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतों, तें पिठाची साखर करूं लागतें. तेंच काम पुढें आंतड्यांत पुरें होतें व ग्लुकोज रक्तांत उतरतें. ज्या साखरेवर आपले हातपाय चालतात, तिच्यावर शरीरांत बसविलेलें एखादें यंत्र चालेल काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. हृदयाची गति मंदावलेल्या वृद्धास पेसमेकर बसवितात. त्याला सुमारें दहा मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा अवघा एक लक्षांश, एवढी वीज पुरते. तरीही त्यांतील बॅटरी साधारणतः आठ-दहा वर्षांत संपते, आणि सत्तरींत शस्त्रक्रिया सोसलेल्या माणसाला ऐंशीच्या घरांत पुन्हां त्याचसाठीं शहराची वाट धरावी लागते.

विकरांच्या घटांत कार्बनाच्या दोन तारा असतात. एकीवरील विकर ग्लुकोजांतून इलेक्ट्रॉन काढून घेतें. दुसरीवरील विकर ते प्राणवायूला देऊन त्याचें पाणी करितें. तारा जोडल्या कीं इलेक्ट्रॉन वाहूं लागतात. हाच विजेचा प्रवाह. प्रत्येक विकर आपलेंच काम ओळखतें, म्हणून मध्यें पडदा न घालतांही दोन्ही तारा एकाच रसांत ठेवतां येतात.

2003 सालीं अमेरिकेंत ऑस्टिन येथें अ‍ॅडम हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा घट एका द्राक्षांत खोंवला. त्यानें सुमारें अर्ध्या व्होल्टावर वीज दिली. 2010 सालीं फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनीं तो जिवंत उंदराच्या शरीरांत बसविला. शक्ति भरली साडेसहा मायक्रोवॅट.

मग अडलें कोठें? शरीर आपलीं विकरें सतत नवीं घडवितें. घटांतील विकर निकामी झालें कीं तें पुन्हां घडविणारें कोणी नसतें. शिवाय परक्या वस्तूभोंवतीं शरीर आवरण धरितें व साखर तेथें पोंचेनाशी होते. बॅटरीसारखीं वर्षानुवर्षें टिकण्याचें बळ या घटांत अद्यापि आलेलें नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं पेसमेकर बसविलेलें वडीलधारें माणूस आहे, त्यांनीं बॅटरीच्या ठरलेल्या तपासण्या चुकवूं नयेत. भाकरीच्या साखरेपासून शरीरांत वीज निघते एवढें सिद्ध झालें आहे. ती टिकविण्याचें काम चालू आहे.