जर्मनची तोंडी परीक्षा



मॅक्स म्युलर भवनातर्फे होणाऱ्या जर्मनच्या बी-१ परीक्षेत मी वाचन, श्रवण व लेखन यांत उत्तीर्ण झालो. तोंडी भागात मात्र नापास. पाठ केलेले भाषण जोडीदाराच्या एका प्रश्नाने कोलमडले. चारही भाग स्वतंत्र असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. म्हणून तेवढाच भाग पुन्हा दिला.

ही परीक्षा बहुधा जोडीने होते. तयारीस १५ मिनिटे मिळतात. प्रथम दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा. मग दिलेल्या विषयावर स्वानुभव, आपल्या देशातील परिस्थिती, फायदे-तोटे व स्वतःचे मत मांडायचे. शेवटी एकमेकांना प्रश्न विचारायचे. टिपणे जवळ ठेवता येतात, पण वाचून दाखवायची नसतात.

मित्रहो, जोडीदार हा प्रतिस्पर्धी नव्हे. त्याचे बोलणे कळले नाही तर गप्प बसू नका. 'कान्स्ट डू डास बिटे वीडरहोलन?' म्हणजे 'पुन्हा सांगशील का?' असे विचारा.

दुसऱ्या खेपेस मी रोज रात्री अम्मीसमोर बोलत असे. तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण मी कोठे अडखळतो ते तिला बरोबर कळे. त्या वेळी उत्तीर्ण झालो. पालकहो, मुलांचे एवढे ऐकून घेणे आपल्या हाती आहे.